पहिला चौकोन

माझी बहीण आजवर नऊ निवडणुका लढली आणि स्वतः एकदाही उभी राहिली नाही. उभे राहतात ते दुसरेच. फोटो त्यांचे, टाळ्या त्यांच्या. कोणत्या जिन्यात किती दारं वाजवायची, कुठल्या म्हातारीला मतदान केंद्रापर्यंत गाडी लागेल, कुठल्या घरात नवरा एका पक्षाचा आणि बायको दुसऱ्या पक्षाची, हे सगळं मात्र हिच्या डोक्यात. नऊपैकी सात जिंकल्या. वस्तीत तिला यादीबाई म्हणतात, कारण मतदार यादी हातात नसताना तिला कुणी पाहिलेलंच नाही. मी तिचा धाकटा भाऊ, नळ दुरुस्त करतो. ताई लोकांच्या दारापर्यंत जाते आणि मी त्यांच्या सिंकखाली शिरतो, तेव्हा माणसं कशी असतात हे मला तिच्यापेक्षा जास्त कळतं, असं माझं म्हणणं आहे. ती ते मानत नाही.

तिचं काम बघण्यासारखं असतं, हे मात्र मी मान्य करतो. बेल एकदाच वाजवायची आणि दोन पावलं मागे सरायचं, म्हणजे दार उघडणाऱ्याला कुणी अंगावर आल्यासारखं वाटत नाही. आधी त्याचं नाव घ्यायचं, मग आपलं सांगायचं. दाराशी काढलेल्या बुटांवर एक नजर टाकायची. यादीत दोन मतदार आणि दाराशी मोठ्या मापाचे चार जोड असले, तर दोन माणसं नोंदवायची राहिली आहेत. बोलणं झालं की नावापुढे आकडा लिहायचा: एक म्हणजे आपला, दोन म्हणजे होईल आपला, तीन म्हणजे त्यांचा, चार म्हणजे वेळ घालवू नका. आणि हा आकडा दारात उभं राहून कधी लिहायचा नाही. माणसाला वाटतं, आपली तक्रार लिहून घेतायत. एक मजला खाली उतरायचं आणि मग लिहायचं.

या यादीत एक नाव असं आहे की त्याच्यापुढे ती गेली कित्येक वर्षं आकडा लिहीत नाही. ते नाव आमच्या मामाचं.

आम्हाला या देशात आणलं ते मामानं. बाबा गेले तेव्हा मी चार वर्षांचा होतो आणि ताई अकराची. मामा त्याआधीच इथे येऊन कपडे दुरुस्तीच्या दुकानात मशीनवर बसला होता. बहिणीच्या कागदपत्रांसाठी त्यानं सरकारी खिडक्यांपुढे किती सकाळी घालवल्या याला गणती नाही. मग आम्ही तिघं त्याच्या दोन खोल्यांत येऊन पडलो. मामा-मामी आतल्या खोलीत, आम्ही बाहेरच्या. त्यांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे मामाच्या लाडाला दुसरा वाटेकरी नव्हता आणि मामीच्या ओरड्यालाही. मामी रुग्णालयाच्या लाँड्रीत कामाला, आई ऑफिसं पुसायला. इथली भाषा मोठ्यांपैकी कुणालाच धड येत नव्हती. ताईला शाळेमुळे यायला लागली आणि बाराव्या वर्षी घरातला सगळा पत्रव्यवहार तिच्या गळ्यात पडला. वर्षभरात शेजारपाजारचाही पडला. शाळेची पत्रं, विजेच्या कंपनीची पत्रं, घरमालकाच्या नोटिसा, सगळं ती जिन्यात बसून वाचायची आणि उत्तरं लिहायची. मोठं, गोल, उजवीकडे कललेलं अक्षर. मामीची तर सगळी पत्रं तीच लिहायची.

आमच्या लोकांना कागदाची भीती असते. खुळी भीती नाही, अनुभवाची आहे: कागदामुळे येता येतं आणि कागदामुळेच जावं लागतं. त्यामुळे कागद समोर आला की तो ताईकडे सरकवायचा आणि ती बोट ठेवेल तिथे सही करायची, ही सगळ्या वस्तीची सवय झाली. वाचत कुणी नसे. वाचायचं म्हणजे तिच्यावर अविश्वास दाखवण्यासारखं झालं असतं.

पंचविसाव्या वर्षी ती निवडणुकीच्या धंद्यात पडली. तिच्या शाळेतल्या एक शिक्षिका नगरपालिकेला उभ्या राहिल्या. आम्ही त्यांना मास्तरीणबाई म्हणायचो, आणि त्या निवडून येणार नाहीत याबद्दल कुणालाच शंका नव्हती, त्यांना स्वतःलाही. प्रचाराचं ऑफिस होतं बंद पडलेल्या बुटांच्या दुकानात. भिंतभर रिकामे कप्पे होते. ताईनं एकेका रस्त्याला एकेक कप्पा दिला आणि त्यात याद्या, पत्रकं, चाव्या, तक्रारी, सगळं लावलं. मग मास्तरीणबाईंना म्हणाली, "जे मत देतात ते कुणाला देणार हे ठरलेलं आहे. ज्यांनी कधीच दिलं नाही ते मी आणते."

चाळीस दिवसांत तिनं चारशे बारा नवे मतदार नोंदवले. सगळे आमच्यासारखे, बाहेरून आलेले, नागरिक होऊनही मतदान केंद्राची पायरी न चढलेले.

त्या नोंदणीच्या अर्जात अगदी वर एक चौकोन होता आणि त्यापुढे लिहिलं होतं: मी या देशाचा नागरिक आहे. त्यात खूण करायची असते. ताई सकाळी कॉफी पिता पिता पन्नास-साठ अर्जांचा गठ्ठा पुढे घ्यायची आणि सगळ्यांवर ती पहिली खूण करून टाकायची, वॉर्डाचा नंबरही घालून ठेवायची, म्हणजे दारात वेळ जात नाही. तिला वाटायचं, कोण नागरिक आहे आणि कोण नाही हे आपल्याला ठाऊक आहे, अख्ख्या वस्तीचे कागद आपल्याच हातून गेलेत. ते बव्हंशी खरंही होतं.

मामाचं तिला ठाऊक नव्हतं. आई आणि मामा नागरिकत्वाच्या परीक्षेला एकत्र बसणार होते. आई दुसऱ्या खेपेला पास झाली आणि शपथ घेऊन नागरिक झाली. मामा परीक्षेच्या दिवशी इमारतीच्या दारातून मागे फिरला. त्या वर्षी ताई शिकायला दुसऱ्या गावी होती, आणि आपण घाबरलो हे भाचीला कळू नये म्हणून मामानं विषयच काढला नाही. राहायचा कायमचा परवाना होताच. पुढच्या वर्षी बघू, म्हणत वर्षं गेली.

नोंदणीचा शेवटचा दिवस होता. मी मामाकडे सिंकखाली उताणा पडून गळका पाइप बदलत होतो. ताई जेवणाच्या टेबलावर अर्ज पसरून बसली होती, फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरलेला. मामा दुपारच्या सुट्टीत घरी आला. तिनं त्याच्यापुढे एक अर्ज सरकवला. नाव, पत्ता, जन्मतारीख, सगळं तिनं आधीच भरून ठेवलं होतं. मामा खुर्चीत बसला आणि म्हणाला, "अगं, माझी ती शपथ राहिलीय अजून. चालेल ना?"

ताई फोनवर कुणाला तरी गाडीचा पत्ता सांगत होती. तिनं मान हलवली आणि म्हणाली, "हो मामा, चालेल. इथे कर सही."

मी हे स्पष्ट ऐकलं. पान्हा हातात होता, पाणी तोंडावर पडत होतं, पण शब्द न् शब्द ऐकला. क्षणभर वाटलं, बाहेर यावं आणि विचारावं, अगं, खरंच चालतं का? मग म्हटलं, तिचा विषय आहे, तिला कळत असेल. मी पाइप घट्ट केला. मामानं सही केली.

मास्तरीणबाई शहाण्णव मतांनी निवडून आल्या. मामा स्वतः शिवलेला कोट घालून मत द्यायला गेला होता आणि परत येताना दुकानातल्या प्रत्येकाला सांगत सुटला होता. पुढच्या खेपेलाही गेला. ताईचं नाव झालं. दुसऱ्या शहरांतून तिला बोलावणी यायला लागली.

त्यानंतर सहा वर्षांनी मामानं परीक्षेचं मनावर घेतलं. एकसष्टाव्या वर्षी! दर रविवारी ताईच त्याची उजळणी घ्यायची. तोवर तिला कळलं होतं की त्याचं नागरिकत्व राहिलंय, आणि आपण भरलेला अर्ज आठवला होता, हे तिनं मला सांगितलं. पण मामा इतका खुशीत होता की तिनं ठरवलं, एकदा नागरिक झाला की जुनं कोण उकरतंय. मुलाखतीत मतदानाचं काढू नको, असं त्याला बजावून ठेवायला हवं होतं. तेही तिच्यानं झालं नाही, कारण बजावायचं म्हणजे आपली चूक आधी बोलून दाखवायची.

मामा पास झाला. मग मुलाखत. अधिकाऱ्यानं बाकीच्या प्रश्नांबरोबर तोही विचारला, तुम्ही इथे कधी मतदान केलंय का? मामाला वाटलं, हे आपल्या बाजूनं जाणार. म्हणाला, "हो तर! दोनदा." अधिकाऱ्यानं हातातलं पेन थांबवून पुन्हा विचारलं. मामाला वाटलं, बिचाऱ्याला कमी ऐकू येतं. त्यानं आणखी मोठ्यानं सांगितलं.

पाच आठवड्यांत नोटीस आली. नागरिक नसताना नागरिक असल्याचं लिहून दिलं, मतदान केलं, परवाना रद्द का करू नये.

वकिलीणबाई घरी आल्या. दमलेल्या, पण सरळ बोलणाऱ्या. मामी कामावर होती. टेबलाशी मामा, ताई आणि मी. त्या म्हणाल्या, "अर्ज दुसऱ्या कुणी भरला असेल, आणि यांनी त्या माणसाला आपण नागरिक नसल्याचं सांगितलं असेल, तर त्या माणसानं येऊन तसं बोलावं. मग दोष यांच्यावर राहत नाही. मी यांना वाचवू शकेन. ते नसेल तर कायदा सरळ आहे. अर्ज कोणी भरला?"

"मीच," मामा म्हणाला.

वकिलीणबाईंनी अर्जाच्या प्रतीवरचं ते मोठं गोल अक्षर पाहिलं, मामाकडे पाहिलं आणि प्रत फायलीत परत ठेवली. ताई कपांत चहा ओतत होती. मी बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

खाली माझ्या गाडीत बसल्यावर ताई बोलली. मास्तरीणबाई त्या वेळी मोठ्या सभागृहासाठी उभ्या होत्या आणि मतदान पाच आठवड्यांवर आलं होतं. विरोधकांची पोस्टरं लागलीच होती: ही बाहेरून आलेली माणसं खोटी मतं टाकतात. "मी उद्या म्हटलं की खूण आधीच करून ठेवली होती, तर चारशे बाराच्या चारशे बारा अर्ज उघडतील," ती म्हणाली. "त्यात आणखी कोण निघेल, मला माहीत नाही. एका मामासाठी सगळ्यांना उघड्यावर आणू?" मग म्हणाली, "निकाल लागू दे. मी स्वतः जाऊन सांगते." मी मान हलवली. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. ती बोलली असती तर साक्षीला मला उभं राहावं लागलं असतं.

सुनावणी मतदानाच्या नऊ दिवस आधी झाली. वीस मिनिटं. मामानं शपथेवर सांगितलं, अर्ज मी भरला, मला नीट कळलं नाही. मतदानाच्या आदल्या दिवशी त्याला विमानात बसवलं. ताईला त्या दिवशी साठ गाड्या आणि दोनशे कार्यकर्ते सांभाळायचे होते. विमानतळावर मी गेलो. मामा म्हणाला, मामीच्या बाथरूमचा नळ ठिबकतोय, बघून घे. मग जरा जवळ आला आणि म्हणाला, "त्या दिवशीचं कुणाला बोलू नकोस. मामीला तर नाहीच. ती पोरीला जन्मात माफ करायची नाही."

म्हणजे त्याला सगळं लख्ख आठवत होतं.

मास्तरीणबाई जिंकल्या. ताई शब्दाप्रमाणे तिसऱ्या दिवशी वकिलीणबाईंकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आता त्यांनी शपथेवर सांगितलंय की मीच भरला. तुम्ही आज हे बोललात तर ते दुसऱ्यांदा खोटारडे ठरतील. हे तीन आठवड्यांपूर्वी हवं होतं." ताई तिथून निघाली ती चालत घरी आली. दोन तास लागले.

मामी इथेच राहिली, कारण अपील चालू होतं आणि वर्षभरात मामा परत येईल असं सगळे म्हणत होते. दर रविवारी दुपारी तीनला ती फोन लावायची. स्पीकरवर, कारण आम्ही दोघं असायचोच. तब्येत, हवा, औषधं झाली की तिचं सुरू व्हायचं. "एवढं साधं विचारता आलं नाही तुम्हाला? घरात यादीबाई बसलीय, तिला विचारायचं! नुसतं विचारलं असतंत तरी आज इथे असतात." पलीकडून मामा हसायचा आणि म्हणायचा, "चुकलं माझं." चार वर्षं, रविवारमागून रविवार, मामी हे बोलली, मामानं हे ऐकलं, आणि आम्ही दोघं कोचावर बसून मांडीवरच्या हातांकडे बघत राहिलो. मग एका भाड्याच्या खोलीत तापाचं निमित्त होऊन तो गेला. मामीला जाताही आलं नाही. तिचा परवाना मामाच्याच परवान्यावर मिळालेला, तोही अपिलात अडकलेला; गेली असती तर परत येता आलं नसतं.

ताईनं तेव्हापासून एक नियम केलाय. अर्ज कार्यकर्त्यानं भरायचा नाही. पहिला चौकोन मोठ्यानं तीनदा वाचून दाखवायचा, समोरच्याला प्रश्न असतील तर फोन बंद करून ऐकायचे, आणि खूण त्याची त्यानं करायची. नवे कार्यकर्ते कंटाळतात, मागे चेष्टा करतात. दुसऱ्या शहरांतले लोक मात्र या नियमाची वाखाणणी करतात, प्रशिक्षणात शिकवतात. हा नियम आला कुठून, हे कुणी विचारत नाही.

मामाचं नाव यादीतून गेलंच नाही. सरकारी घोळ, दुसरं काय. मृत्यूचा दाखला दिल्याशिवाय काढता येत नाही आणि मामी दाखला देत नाही. दर निवडणुकीला यादी छापून येते आणि त्यात मामा असतो, वय वाढवून. सदुसष्ट, एकोणसत्तर, बाहत्तर. मेलेल्या माणसाचं वय वाढताना बघणं फार वाईट. ताई तो कागद गठ्ठ्यातून काढून स्वतःकडे ठेवते. एकदा मी तिच्याबरोबर होतो. एका दारात एक गृहस्थ पत्रक हातात घेत म्हणाले, हे मी शेजाऱ्यांना दिलं तर चालेल ना? ताई हातातली यादी उलटसुलट करत राहिली. शेवटी मीच त्यांना म्हटलं, चालेल, चालेल. तिनं जिन्यात माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले.

गेल्या महिन्यात तो कागद तिच्या हातून निसटला. ऑफिसात निवृत्त टपालवाले आहेत एक, फार सज्जन. ते सगळा रस्ता फिरून आले आणि कागद जमा करून घरी गेले. ताईनं संध्याकाळचे आकडे मोजताना पाहिलं. मामाच्या नावापुढे टपालवाल्यांनी "एक" लिहिलं होतं, म्हणजे आपला, आणि शेऱ्यात नीट अक्षरात: बाहेरगावी आहेत. आले की नक्की मत देतील, असं पत्नी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला फोन केला. "चल माझ्याबरोबर. आज सांगणार आहे."

मामीनं दार उघडलं. ताई बसली नाही. म्हणाली, "मामी, काल त्या काकांना काय सांगितलंस तू?"

"आले की देतील म्हटलं. चार मजले चढून आला होता बिचारा. त्याला कशाला वाईट वाटू द्यायचं?"

"मामी, तो अर्ज मी भरला होता."

मामीनं टेबलावरचं फडकं उचलून घडी घातली. "माहीत आहे. तुझं अक्षर मला कळत नाही होय? वकिलीणबाईंची फाईल पहिल्यांदा हातात आली तेव्हाच पाहिलं मी."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले," मामी म्हणाली. "आधी वाटलं सुनावणीला बोलशील. मग वाटलं, ते गेल्यावर तरी. मग थांबायची सवय झाली." ती थोडी हसली. "जाऊ दे. तू काय मुद्दाम केलंस? घाईत झालं. चूक ह्यांचीही होतीच. विचारायला नको होतं? तोंड होतं ना?"

इथे थांबता आलं असतं. मला वाटलं, सुटलो, इतक्या वर्षांनी इतक्या स्वस्तात सुटलो. मी माझी हत्यारांची पिशवी उचललीसुद्धा. ताई हलली नाही.

"मामानं विचारलं होतं," ती म्हणाली.

मामीला कळलं नाही.

"विचारलं होतं, मामी. याच टेबलाशी. म्हणाला, माझी शपथ राहिलीय, चालेल ना? मी फोनवर होते. मी म्हटलं, चालेल, सही कर."

मामी माझ्याकडे वळली. "तुला ठाऊक होतं?"

"मी इथेच होतो, सिंकखाली," मी म्हणालो. "मामा म्हणाला होता, मामीला सांगू नकोस." म्हणता म्हणताच कळलं की मी आताही मेलेल्या माणसाच्या मागे लपतोय.

मामी खुर्चीत बसली. मग ताईकडे नाही, माझ्याकडेही नाही, समोर बघत म्हणाली, "शेवटच्या रविवारी ताप होता त्यांना. तरी मी तेच बोलले. विचारलं असतंत तर, म्हटलं. आणि ते म्हणाले, चुकलं माझं."

ताई तिच्यापाशी खाली बसली, हात धरायला गेली. मामीनं हात काढून घेतला. रागानं नाही, विचारात असल्यासारखा. आणि मग तिनं ताईला विचारलं,

"आता हे त्यांना कसं कळवायचं, ते सांग."